ऑब्लिव्हियन: "डेटात ओता आणि खेळा" म्हणणाऱ्यांना

खाडीकाठचा:
मॉड म्हणजे चाहत्यांनी गेमसाठी बनवलेल्या जादा फायली. त्या कशा टाकायच्या यावर काल इथे एकाने ज्ञान पाजळलं, "2006 चा गेम, त्याला मॉड मॅनेजर कशाला? झिप सोडवायची, डेटा फोल्डरमध्ये ओतायची, झालं." याच मार्गाने माझी दीडशे तासांची सेव्ह गेलीय. गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलतभावाने आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात चाळीस मॉड ओतले. तो गौरी-गणपती पोचवून परत गेला, आणि माझ्याकडे राहिली दारादारात उभी पिवळी उद्गारचिन्हं. मेश, म्हणजे वस्तूच्या आकाराची फाइल, सापडली नाही की येतात ती.

गेम प्रोग्राम फाइल्समध्ये होता. व्हिस्टापासून विंडोज तिथे धड लिहू देत नाही, काही फायली गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये जातात. म्हणून पहिलं काम, गेम वेगळ्या फोल्डरमध्ये. दुसरं, या गेमची लोड ऑर्डर, म्हणजे मॉड वाचायचा क्रम, फाइलच्या तारखेवर चालते. जुन्या तारखेचं आधी, नव्याचं नंतर, आणि नंतरचा जिंकतो. ओतताना तारखा कोण बघतं? मॉड ऑर्गनायझर हा मॅनेजर डेटाला हातच लावत नाही. मॉड नको, टिक काढा.

घावणेसम्राट:
तो "एक" मीच. बारा वर्षं हातानेच टाकतोय. आधी डेटाची कॉपी, मग रीडमी, मग एकेक मॉड, प्रत्येकानंतर गेम चालवून बघायचा. चूक ओतण्याची नाही, तुमच्या भावाची आहे.

परळकर:
चाकरमान्याला शिव्या घातल्याशिवाय तुमचा धागा पुरा होत नाही का? आम्ही बारा-पंधरा तास एसटीत अंग आंबवून येतो, वर्गणी भरतो, तुमचे कॉम्प्युटर फुकटात दुरुस्त करतो.

माडाखाली:
दुरुस्त? मेल्या, गेल्या वर्षी एक पावणो माझो वायफायचो पासवर्ड बदलून गेलो. दिवाळीपर्यंत माका गावलो नाय!

परळकर:
मग यायचंच बंद करतो. भजनाला पेटी कोण वाजवतं, बघू.

माडाखाली:
पेटी आमचोच पोरगो वाजयता. तुम्ही मोदक खावन झोपतास.

खाडीकाठचा:
अहो, मॉडवर या!

श्रीवर्धनी:
मॉडवरच येतो. 3 जून 2020, निसर्ग वादळ. आमच्याकडे वीज महिन्याने आली. तोवर शेजाऱ्यांच्या जनरेटरवर चार्ज केलेला लॅपटॉप. मॅनेजर नव्हता, डेटाची कॉपी पेन ड्राइव्हवर होती. तेवढ्यावर गेम परत उभा केला. घावणेसम्राटांची पद्धत तुम्ही समजता तेवढी अडाणी नाही.

खाडीकाठचा:
कॉपी ठेवली म्हणून वाचलात, ओतलंत म्हणून नाही. आणि आर्काइव्ह इनव्हॅलिडेशन, म्हणजे आधी सुट्या फायली बघ असं गेमला सांगणं? ते केलं नाही तर नवी टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवरची चित्रं, फोल्डरमध्ये पडून राहतात आणि गेम बीएसएमधली, म्हणजे त्याच्या मूळ गठ्ठा-फायलींमधली, जुनीच दाखवतो. निम्मे लोक इथेच "मॉड चालत नाही" म्हणून रडतात.

घावणेसम्राट:
...ते मी केलं नव्हतं. म्हणजे बारा वर्षं जुनीच गवतं बघत होतो म्हणायचं. घ्या, झाला आनंद?

खाडीकाठचा:
झाला.

घावणेसम्राट:
तारखेचं मात्र मला ठाऊक होतं, हे लिहून ठेवा. बरं, दोन मॉड एकाच दुकानदाराचा माल बदलतायत. बॅश्ड पॅच, म्हणजे मॉडांचे बदल एकत्र जोडणारी फाइल, चालू सेव्हवर परत बांधला तर चालतो?

खाडीकाठचा:
चालतो. नवा मॉड टाकलात की दरवेळी बांधायचाच. आधी सेव्हची कॉपी.

परळकर:
आणि तुमची सेव्ह मी नाही, तुमच्या भावाने घालवली. मी फक्त शेजारी बसलो होतो.