ला गार्डिया: न्यूयॉर्कला लाभलेला सर्वोत्तम महापौर?

धागाकर्ता:
माझं उत्तर ठाम 'हो' आहे. टॅमनी हॉल म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची शहरातली यंत्रणा; तिच्या टोळक्याने शहर पोखरलं होतं. नोकरी हवी तर आधी पक्षाच्या माणसाचे पाय धरा! फिओरेल्लो ला गार्डियाने १९३३ची निवडणूक जिंकली आणि ही साखळी तोडली. वडील इटालियन, आई ज्यू. स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या एलिस बेटावर दुभाषी म्हणून काम करत रात्री कायदा शिकलेला माणूस. १९३५ मध्ये माफियाने आर्टिचोकचा बाजार मुठीत धरला, तेव्हा हा स्वतः भल्या पहाटे ब्राँक्सच्या भाजीबाजारात गेला, बिगुल वाजवायला लावला आणि विक्रीबंदीचा हुकूम वाचून दाखवला. इटालियन गुंडांवर इटालियन महापौर असा तुटून पडला, याचं मोल मला फार वाटतं.

प्रतिसाद १:
बिगुल ठीक आहे, पण हातगाडीवाल्यांचं काय? रस्ते साफ करायचे म्हणून त्यांना बंदिस्त मंडयांत कोंबलं. ज्यांना आत गाळा मिळाला नाही त्यांचा धंदा बसला. त्यातले कितीतरी इटालियन आणि ज्यू, म्हणजे त्याचेच मतदार. आणि शहरातली उद्यानं, पूल, रस्ते मनमानीने बांधणारा अधिकारी रॉबर्ट मोझेस, त्याला मोकळं रान कोणी दिलं?

प्रतिसाद २:
मंडईत पाणी, छप्पर, स्वच्छता मिळाली, हेही सांगा की. मोझेसबद्दल मात्र सहमत.

प्रतिसाद ३:
माझा आक्षेप हार्लेमचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा आहे. मार्च १९३५ मध्ये दुकानात चाकू चोरताना पकडलेला मुलगा मारला गेला अशी खोटी अफवा उठली आणि दंगल पेटली. महापौरानेच चौकशी समिती नेमली. तिने बेकारी, भेदभाव आणि पोलिसांची दांडगाई यांवर बोट ठेवलं, तर यांनी अहवालच दाबून ठेवला! शेवटी १९३६ मध्ये हार्लेमच्याच 'ॲमस्टरडॅम न्यूज' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने तो छापला. टॅमनीचा कारभार उघड्यावर आणणाऱ्याने हे करावं?

धागाकर्ता:
अहवाल दाबला, हे चूकच. पण नंतर हार्लेम रिव्हर हाउसेस ही सरकारी घरं उभी राहिली आणि १९३९ मध्ये त्याने जेन बोलिन यांना न्यायाधीश नेमलं. अमेरिकेतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश.

प्रतिसाद ३:
आणि १९४३ मध्ये स्टायव्हसंट टाउन या गृहसंकुलाच्या करारावर सही केली ती? विमा कंपनीला करात सवलत, जमीन शहराने मिळवून दिलेली, आणि कृष्णवर्णीयांना घर नाही. त्याच वर्षी हार्लेम पुन्हा पेटलं. 'सर्वोत्तम' म्हणताना ज्यांना घर नाकारलं त्यांनाही मोजा.