मदत हवी आहे: पर्वरीतल्या फ्लॅटला दुहेरी काच की तिहेरी?

पर्वरीकर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या पर्वरीत, महामार्ग ६६ पासून साधारण १२० मीटरवर, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडक्या बदलायच्या आहेत. सध्या ॲल्युमिनियमचं स्लायडिंग आणि ५ मिमी साधी काच आहे.

दोन बेडरूम, दोन्हींच्या खिडक्या पश्चिमेला, प्रत्येकी १.५ × १.२ मीटर. हॉलला नैर्ऋत्येकडे २.४ × २.१ मीटरचं स्लायडिंग. एसी फक्त बेडरूममध्ये: रात्री रोज, एप्रिल-मेमध्ये दुपारीही. भिंती चिऱ्याच्या, वर प्लास्टर.

त्रास तीन आहेत. तीननंतर बेडरूम तापतात, रात्री ट्रकांची घरघर थांबत नाही आणि पावसाळ्यात हॉलच्या ट्रॅकमधून पाणी आत येतं.

हातात दोन कोटेशन आहेत. एक ६-१२-६ (काच-फट-काच, मिमीमध्ये) साधी डबल, दुसरं ५-१२-५-१२-५ ट्रिपल. फ्रेम दोन्हीकडे यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची. युरोपात ट्रिपलच वापरतात, असं दुसऱ्याचं म्हणणं. तिसऱ्या काचेचा गोव्यात खरंच उपयोग होतो का?

चौकट

उष्णतेचं आधी आकड्यांत बघू, म्हणजे युरोपचा मुद्दा आपोआप सुटेल.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी आत येते. एक, बाहेरच्या आणि आतल्या तापमानातल्या फरकामुळे. ती यू-व्हॅल्यूवर ठरते, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमधून किती वॅट जातात त्यावर. दुसरी, थेट उन्हातून. ती एसएचजीसीवर, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाचा किती भाग आत पोचतो त्यावर. ६ मिमी साध्या काचेची यू-व्हॅल्यू ५.७ च्या आसपास, साध्या डबलची २.८, साध्या ट्रिपलची १.९.

तुमची खिडकी १.८ चौरस मीटर. बाहेर ३३ अंश, आत २५, फरक ८. पहिल्या वाटेने सिंगलमधून ८२ वॅट येतात, डबलमधून ४०, ट्रिपलमधून २७. म्हणजे तिसऱ्या काचेने वाचवले १३ वॅट. उत्तर युरोपातल्या कडक थंडीत आत २० आणि बाहेर उणे १० पर्यंत जातं, फरक ३०, आणि थंडीही महिनोन्‌महिने, रात्रंदिवस. तिथे ती काच पैसे फेडते.

आता ऊन. पश्चिमेच्या काचेवर दुपारी चौरस मीटरला ५०० वॅट धरा. सिंगलचा एसएचजीसी ०.८२, म्हणून ७३८ वॅट आत. साधी डबल ०.७०, ६३० वॅट. साधी ट्रिपल ०.६२, ५५८ वॅट. आणि सोलर कंट्रोल लो-ई लेप, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारा अतिपातळ थर, असलेली डबल, एसएचजीसी ०.२८, फक्त २५२ वॅट! तापणारी बेडरूम लेपाने थंड राहील. काचांची संख्या वाढवून तेवढा फरक पडणार नाही.

ऑफिसांसारख्या इमारतींसाठीच्या ईसीबीसी २०१७ या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनेसुद्धा आपल्या उष्ण-दमट पट्ट्यात यू-व्हॅल्यू ३.० पर्यंत चालवून घेतली, पण उत्तर सोडून बाकी दिशांना एसएचजीसी ०.२७ च्या वर जाऊ दिला नाही. ती घरांसाठी नव्हती, पण भर कशावर द्यायचा ते त्यातून कळतं.

तुमच्या दोन्ही कोटेशनांत लेपाचा उल्लेखच दिसत नाही. आधी तो मागा. सोबत व्हीएलटी, म्हणजे किती टक्के उजेड आत येतो, तेही लिहून घ्या. ४० टक्क्यांच्या खाली गेलात तर पावसाळ्यात भर दुपारी दिवे लावावे लागतील.

काचकाम

वरच्याशी सहमत, फक्त लेप कुठल्या बाजूला आहे ते स्वतः तपासा. डबल काचेच्या चार बाजू बाहेरून आत मोजतात. आपल्या हवेत लेप २ नंबरवर हवा, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. थंड देशांत तो बहुधा ३ वर देतात, कारण तिथे खोलीतली ऊब राखायची असते. कारखान्यात काच उलटी बसली तर यू-व्हॅल्यू तीच राहते, पण ऊन जास्त आत येतं आणि नुसतं बघून ओळखू येत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. संध्याकाळी आतून काचेजवळ लायटर पेटवा आणि तिरपं बघा. ज्योतीच्या चार प्रतिमा दिसतील, त्यातल्या एकीचा रंग वेगळा असेल. तुमच्या बाजूने मोजताना ती तिसरी असायला हवी. दुसरी निघाली तर काच उलटी आहे, परत पाठवा.

लेपाची काच ऊन शोषते. खिडकीचा अर्धा भाग सावलीत आणि अर्धा उन्हात राहिला की साधी काच कडेपासून तडकते, म्हणून बाहेरची काच टफनच, म्हणजे तापवून कणखर केलेलीच, घ्या. टफन काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप पक्कं झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. रुंदी तीन जागी, उंची तीन जागी आणि दोन्ही कर्ण मोजायचे. सर्वांत लहान माप धरून दोन्ही बाजूंना ८ ते १० मिमी मोकळी जागा सोडायची.

ध्वनिमापक

आवाजासाठी तर ५-१२-५-१२-५ घेऊच नका. सारख्या जाडीच्या दोन काचा आणि मधे थोडी हवा, हे स्प्रिंगवर ठेवलेल्या दोन वजनांसारखं वागतं. एका ठरावीक स्वराला दोन्ही मिळून डोलतात आणि नेमका तोच आवाज आत सोडतात. ६-१२-६ मध्ये तो स्वर २०० हर्ट्झच्या जवळ येतो. ट्रकची घरघर त्याच पट्ट्यात आणि त्याच्या खाली असते. ट्रिपलमध्ये १२ मिमीच्याच दोन फटी आहेत, त्यामुळे खालच्या स्वरांना ती फारशी वरचढ ठरत नाही.

वजनाचा हिशेब बघा. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो. तुमची ट्रिपल चौरस मीटरला ३७.५ किलो होते. त्याऐवजी बाहेर ६ मिमी टफन लेपाची, मधे १६ मिमी, आत ४+४ लॅमिनेटेड (पीव्हीबी या प्लास्टिक फिल्मने जोडलेल्या दोन काचा) घेतली तर वजन साधारण ३५ किलोच. पण तो स्वर १६० च्या आसपास उतरतो, दोन काचांची जाडी वेगळी असल्याने त्यांच्या कमकुवत जागा एकमेकींवर पडत नाहीत आणि मधली पीव्हीबी फिल्म काचेचा कंप मारते. शक्यतो अकूस्टिक पीव्हीबी मागा, ०.७६ मिमी. एकूण जाडी ३१ मिमी होईल. यूपीव्हीसी प्रोफाइल एवढी जाड काच घेतं का, आणि त्याला बसेल अशी, काच धरून ठेवणारी बीडिंग पट्टी मिळते का, हे आधी विचारा. ट्रिपलला ३९ मिमी लागतात, त्यासाठी बहुतेक वेळा जाड सिरीजचं प्रोफाइल आणि जड बिजागऱ्या, असा दुहेरी खर्च येतो.

आणखी एक. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का फट उघडी राहिली तर काच कितीही भारी असो, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त कमी होणार नाही. तुमच्या बेडरूमच्या खिडकीचा घेर ५.४ मीटर, सगळीकडे ३ मिमी फट धरली की जवळजवळ १ टक्का भरला. स्लायडिंगच्या ब्रशपट्टीत एवढी फट सहज असते. म्हणून बेडरूमला केसमेंटच, म्हणजे बिजागरीवर दारासारखं उघडणारं, दोन रबरी गास्केट आणि किमान तीन जागी लॉक होणारं. एसीच्या पाइपाचं भोकही बुजवा.

एवढं करूनही घरघर उरली तर आहे त्या खिडकीच्या आत १०० मिमी अंतर सोडून दुसरी खिडकी बसवता येते. एवढ्या अंतराला तो स्वर ७० हर्ट्झच्या आसपास उतरतो. ट्रकसाठी खात्रीचा उपाय हाच.

खारंवारं

पाण्याबद्दल. नैर्ऋत्य म्हणजे मोसमी वाऱ्याचं तोंडच. ताशी ९० किमीचा झोत आला तर काचेवर साधारण ३८० पास्कल दाब येतो आणि तेवढा दाब ट्रॅकमधलं पाणी ३९ मिमी वर उचलून धरतो. ट्रॅकची आतली कड त्याहून ठेंगणी असेल तर पाणी आत सांडणारच, मग सिलिकॉनचे कितीही थर द्या. आतली कड किमान ५० मिमी हवी. वीप होल, म्हणजे पाणी निघायची भोकं, बाहेरच्या बाजूला, प्रत्येकावर वाऱ्याने मिटणारं झाकण. बसवून झाल्यावर ट्रॅकमध्ये लिटरभर पाणी ओता. ते सगळं बाहेर गेलं पाहिजे, कोपऱ्यात साचता कामा नये.

डबल काच खराब होते ती बहुधा याच साचलेल्या पाण्याने. काचेच्या कडेला आतून ब्यूटिल आणि बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन, अशी दोन सील असतात. कड सतत पाण्यात राहिली की सील सुटतं, स्पेसरमधली, म्हणजे दोन काचांमधल्या पट्टीतली, ओलावा शोषणारी पूड भरून जाते आणि दोन काचांच्या मधे धुकं बसतं. ते पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते. ट्रिपलमध्ये अशी सीलं दुप्पट, म्हणजे बिघडायच्या जागाही दुप्पट. काचेखाली १०० मिमी लांबीचे दोन सेटिंग ब्लॉक टाकून कड पाण्यापासून उचललेली आहे का, ते बीडिंग लावायच्या आधी उभं राहून बघा.

ॲसिटिक सिलिकॉन, तो व्हिनेगरसारखा वास येणारा, जवळपास येऊ देऊ नका. तो ब्यूटिलला आणि लॅमिनेटेडच्या पीव्हीबीला बाधतो. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलाच घ्या.

खाऱ्या हवेसाठी बिजागऱ्या, स्टे आणि स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे. यूपीव्हीसीच्या आतली सळई गॅल्वनाइज्ड असते, पण कापलेल्या टोकांना गंज धरतो. तिथे झिंक पेंट मारून घ्या.

सासष्टीवरून

चिऱ्याच्या भिंतीत छोटा अँकर नुसत्या प्लास्टरला धरतो आणि दोन पावसाळ्यांत हलायला लागतो. १०० मिमीचे फ्रेम अँकर घ्या, कोपऱ्यापासून १५० मिमीवर पहिला, पुढे दर ६०० मिमीच्या आत एक. चिरा भुसभुशीत लागला तर त्या जागी खाच पाडून काँक्रीट भरा, ते सुकल्यावरच भोक मारा. खालचा उंबरा बाहेर उतरता, खाली पाणी गळून पडायला खाच.

हॉलला एसी नाही, दिवसभर उघडाच असणार. तिथे डबल काचेचा खर्च करू नका. सिंगल लॅमिनेटेड द्या आणि वाचलेल्या पैशात बाहेर बांबूची चटई किंवा लूव्हर बसवा. पश्चिमेला छज्जा पुरत नाही, पाच वाजता ऊन जवळजवळ आडवं येतं. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. पडद्यापर्यंत आलं म्हणजे ते घरात आलंच. जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या तावदानांपुढे रुंद पडवी उगाच नव्हती.

पर्वरीकर

खूप आभार. म्हणजे बेडरूमला ६ टफन लेपाची + १६ + ४/४ लॅमिनेटेड, केसमेंट. हॉलला सिंगल लॅमिनेटेड. दोन शंका. पावसाळ्यात एसी चालू असताना सध्याच्या काचेवर बाहेरून घाम येतो, तो डबलने जाईल का? आणि बाहेर भिंतीसरशी ग्रिल आहे, मग केसमेंट उघडणार कसं?

चौकट

घामाचं: बाहेर २८ अंश आणि ९२ टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू २६.६. आत एसी २२ वर असताना सिंगल काचेची बाहेरची बाजू बरोबर तेवढीच उतरते, म्हणून पाणी धरतं. डबल २७.३ वर राहते, ट्रिपल २७.५ वर. डबलने बहुतेक रात्री काच कोरडी राहील. अगदी ओल्या पहाटे थोडं धुकं दिसलं तरी ते बाहेरच्या अंगाला आहे ना, एवढं बघा. बोटाने पुसलं जातं ते काळजीचं नाही.

ग्रिल भिंतीसरशी असेल तर झडप आत उघडणारी घ्या, टिल्ट अँड टर्न. मच्छरजाळी मग ग्रिल आणि झडप यांच्या मधे बसते, तेवढी जागा मोजून ठेवा. पडद्याचा दांडा झडपेच्या वर आणि दोन्ही बाजूंना २०० मिमी पुढे न्या, नाहीतर झडप उघडताना पडदा अडकेल. खिडकीला दोन झडपा धरल्या तर एका झडपेची काच सुमारे ३० किलो भरेल; बिजागरीची भारक्षमता काच आणि प्रोफाइल धरून ५० किलोच्या वरची असल्याचं कोटेशनमध्ये लिहून घ्या.

काचकाम

आणि काच आली की बसवायच्या आधी तीन गोष्टी बघा: टफनच्या कोपऱ्यातला शिक्का, स्पेसरवर छापलेली तारीख, आणि कडेच्या काळ्या ब्यूटिलची रेघ चारही बाजूंना सलग आहे का. रेघ एखाद्या कोपऱ्यात तुटलेली दिसली तर ती काच उतरवूनच घेऊ नका.