आतड्यातले जंतू सुधारणाऱ्या हर्बल कॅप्सूल, घ्याव्या का?

भुसावळकर: मंडळी वय ४१, वजन ९४, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, पोट कायम फुगलेलं आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. जिममधला एक जण कॅप्सूल देतोय, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, गार्सिनिया आणि बर्बेरिन, म्हणतो आतड्यातले चांगले जंतू वाढले की चरबी आपोआप उतरते. झाडपालाच आहे ना, घेऊन बघायला काय जातं? बायको म्हणते आधी शेवभाजीवरची तर्री कमी करा 😀

तापीकाठ: नका घेऊ भाऊ. जंतूंची गोष्ट अगदीच थाप नाही, द्राक्षं-क्रॅनबेरीतले पॉलिफेनॉल (वनस्पतींतली तुरट द्रव्यं) वर लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत, खाली मोठ्या आतड्यात जंतूंना मिळतात, आणि चरबीचा खुराक चालू असलेल्या उंदरांना हे अर्क दिले तर अकरमान्सिया नावाचा जंतू वाढला, वजनही कमी चढलं. पण ते उंदीर. माणसाच्या वजनात फरक बेताचाच. आणि तुमचं लिव्हर आधीच कुरकुरतंय! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल) गेलं तर रक्तातले लिव्हर एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण. कपातला ग्रीन टी वेगळा, त्याला कोणी नाही म्हणत नाही. गार्सिनियानं लिव्हर बिघडल्याच्याही केसेस आहेत. बर्बेरिन म्हणजे दारुहळदीतलं द्रव्य, ते स्वतःच शुगर खाली आणतं, वर तुमची मेटफॉर्मिन, म्हणजे डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच.

रावेरचा भो: जंतूच पोसायचे तर पैसे कशाला घालवतो भो, कळण्याची भाकरी खा ना, ज्वारी आणि सालासकट उडीद, सोबत मठ नाहीतर चवळीची उसळ. हा फायबर जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं, आतड्याच्या अस्तराला तेच लागतं. कच्च्या केळीतही न पचणारा स्टार्च असतो, पण पिकली की त्याची साखर होते, आणि वेफर्स यात धरू नको 😂 भरीत खा पण तेल हात राखून. आणि सगळं एकदम वाढवू नको, पोट आणखी फुगेल.

भुसावळकर: आत्ता डबी बघितली, ईजीसीजी किती ते लिहिलेलंच नाही, नुसतं 'प्रोप्रायटरी ब्लेंड', म्हणजे कंपनीचं मिश्रण, कशाचं प्रमाण किती ते गुपित.

तापीकाठ: मग परतच करा. आणि एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या, रिपोर्ट तुमच्या डॉक्टरला दाखवा, जिमवाल्याला नको.