स्लॅब टाकल्यावर बिल्डिंगचं काम थांबतं का? (होस्टेलच्या खिडकीतून बघतेय)

खिडकीशेजारची:
नमस्कार, मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, ब्रँच कॉम्प्युटर, त्यामुळे बांधकामातलं काहीच कळत नाही. माझ्या खिडकीसमोर आमच्या कॉलेजची नवी लायब्ररीची बिल्डिंग होतेय. फर्स्ट इयरला आले तेव्हा तिथे नुसतं गवत होतं, मग जेसीबी आले आणि कितीतरी महिने फक्त खड्डाच, वाटलं बंद पडलं काम. मग एकदम कॉलम वर यायला लागले. आता दुसरा स्लॅब टाकून दहा दिवस झाले. त्या दिवशी पहाटे चारला मिक्सरच्या गाड्यांच्या आवाजाने जाग आली ती परत झोपलेच नाही, बघत बसले. पण तेव्हापासून वर कोणीच नाही, फक्त एक काका येऊन पाणी मारतात, स्लॅबवर छोटे छोटे बांध घालून पाणी भरून ठेवलंय आणि खाली टेकूंचं जंगल तसंच उभं. काम थांबलं का? आणि तो खड्डा इतके दिवस का होता? मी रोज एकाच जागेवरून फोटो काढतेय म्हणून विचारतेय.

साईटवरचा:
काम चालूच आहे ताई. ते काका करताहेत ती तराई, म्हणजे क्युअरिंग. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याची रिॲक्शन होऊन होतं, पाणी उडून गेलं की ती अर्धवट राहते आणि भेगा पडतात. आयएस 456 (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या सिमेंटला कमीत कमी 7 दिवस, राखमिश्रित सिमेंटला 10, आणि आपल्याकडच्या उन्हात 14 दिवस ओलं ठेवलेलंच बरं. पहाटे स्लॅब टाकला तोही उन्हामुळेच. टेकूंचं म्हणशील तर गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल तर स्लॅबखालचे 14 दिवस आणि 6 मीटरपेक्षा लांब बीमखालचे 21 दिवस हलवायचे नाहीत. त्याच काँक्रीटचे 15 सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवलेले असतात, ते 7 आणि 28 दिवसांनी मशीनमध्ये फोडून बघतात. घाई करणाऱ्या साईटची मला भीती वाटते, तुमची चांगली चाललीय.

काळी_माती:
खड्ड्याचं मी सांगतो. आपल्या भागात वरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर पाया ठेवला की भिंती तडकल्याच म्हणून समजा. त्यामुळे खाली चांगला मुरूम नाहीतर खडक लागेपर्यंत खणावं लागतं, मध्येच पाऊस आला की खड्ड्यात पाणी, ते उपसा, परत सुरू. सगळ्यात महत्त्वाचं काम तेच असतं आणि नंतर ते कोणालाच दिसत नाही, म्हणून ते फोटो अजिबात डिलीट करू नको.

जुना_व्हीएनआयटीकर:
आयआयएम नागपूर 2015 ला सुरू झालं ते आमच्या व्हीएनआयटी या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारातच, विमानतळाजवळच्या मिहानमधल्या त्यांच्या स्वतःच्या कॅम्पसचं उद्घाटन 2022 च्या मे महिन्यात झालं. म्हणजे मधल्या कितीतरी बॅचेस आपलं कॉलेज न बघताच पास आउट झाल्या. तू निदान बघतेयस तरी.

सेंट्रिंगवाल्याची_लेक:
माझे बाबा तीस वर्षं सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावायचं काम करायचे. स्लॅब भरताना सगळे वर असतात आणि बाबा खाली, एकेक टेकू हाताने हलवून बघत, कुठला सैल झाला का, कुठे प्लेट खाली खचली का. त्यांनी उभ्या केलेल्या एकाही कॉलेजच्या आत ते नंतर गेले नाहीत. फोटो काढतेस तर त्या माणसांचेही काढ, त्यांना विचारून, आणि प्रिंट काढून दे.

खिडकीशेजारची:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. आज जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन त्या तराईवाल्या काकांना भेटले. बालाघाटचे आहेत, 14 दिवस पाणी मारायचंय म्हणाले, अजून चार राहिलेत. मोबाईलमधले जुने फोटो दाखवले तर खड्ड्याच्या एका फोटोवर थांबले, झूम करायला लावलं, पंपाजवळ डोक्याला पिवळा गमछा बांधलेला माणूस आहे तो मीच म्हणाले. दोन वर्षं मी रोज त्यांनाच बघत होते. तो फोटो मोठा करून उद्या देणार आहे.