मदत हवी आहे: मुलं अँटिबायोटिक खरंच कशी घेतात, हे विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या कॉलेज-विद्यापीठातल्या मुलांना अँटिबायोटिकबद्दल काय ठाऊक आहे आणि ती प्रत्यक्षात काय करतात, यावर आम्ही काही जणी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सर्वेक्षण करतोय. प्रश्नावली मराठीत ठेवलीय, कारण पेडणे, डिचोली, सत्तरीकडची आणि सावंतवाडी-दोडामार्गातून इकडे शिकायला येणारी बरीच मुलं मराठीत मोकळेपणाने लिहितात. कच्चा मसुदा ओळखीच्यांना भरायला दिला आणि तिथेच अडलो.

"सर्दीवर अँटिबायोटिक चालतं का?" याला जवळपास सगळे "नाही" लिहितात. विषाणू-जिवाणूंतला फरकही नीट सांगतात. पण त्याच मुलांशी नंतर कँटीनमध्ये बोललं की वेगळंच ऐकू येतं. घसा धरलाय, उद्या इंटर्नल आहे, डॉक्टरकडे गेलं तर लेक्चर बुडणार. मग फार्मसीतून अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या आणायच्या. दोन घेऊन बरं वाटलं की तिसरी कपाटात, पुढे कधीतरी रूममेटला. जुलाब झाले की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, ओआरएस कुणाला आठवतही नाही. आणि यातल्या कित्येकांनी फॉर्ममध्ये "गेल्या वर्षात अँटिबायोटिक घेतलं का?" पुढे "नाही" अशी खूण केलेली असते. आपण घेतलेली गोळी अँटिबायोटिक होती, हेच त्यांना माहीत नसतं.

म्हणजे पाठ केलेलं विचारलं तर सगळे पास. अशा उत्तरांवर "जागृती वाढवायला हवी" असा अहवाल लिहून मोकळं व्हायला मला आवडणार नाही. मुलं अडाणी नाहीत. त्यांना अडवतंय ते वेळापत्रक, पैसे आणि संकोच, आणि आमच्या प्रश्नांत यातलं काहीच येत नाही.

संकोचाबद्दल जरा सविस्तर लिहिते. हॉस्टेलवरच्या मुलींना लघवीचं इन्फेक्शन होतं तेव्हा अँटिबायोटिकची गरज बहुधा खरीच असते. पण सांगायची लाज वाटते, म्हणून मैत्रिणीकडची गोळ्यांची उरलेली पट्टी घेतली जाते. पुन्हा त्रास झाला की डॉक्टर लघवीचं कल्चर (त्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) करायला सांगतात, पण त्याआधीच दोन-तीन गोळ्या पोटात गेलेल्या असल्या तर जंतू नीट वाढत नाहीत आणि रिपोर्टचा उपयोग होत नाही. या मुलींना "गैरवापर करणाऱ्या" रकान्यात टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

पावसाळ्यातल्या तापाचंही तसंच. डेंग्यू विषाणूचा, त्यावर अँटिबायोटिक निरुपयोगी. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) जिवाणूचा, त्यावर ते लवकर मिळालेलं चांगलं. सुरुवातीला दोन्हींत ताप आणि अंगदुखीच. खोलीत बसून हे ओळखणार कसं?

जाणकारांकडून दोन गोष्टी हव्यात. गोळी नेमकी कोणती घेतली हे काढून घेणारे प्रश्न कसे असावेत? आणि सुरुवातीला थोडी माहिती द्यावी का? २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, हा आकडा पहिल्या पानावर असावा असं गटातल्या काहींचं म्हणणं आहे.

प्रतिसाद १ (सर्वेक्षणांचं काम केलेली)
आकडा पहिल्या पानावर अजिबात नको. तो वाचल्यावर कोण खरं सांगेल? माहितीचे प्रश्नही शेवटी ढकला. सुरुवात आजारापासून करा: "गेल्या तीन महिन्यांत ताप, घसा, जुलाब, लघवीची जळजळ यांपैकी काय झालं? तेव्हा काय घेतलं? ते कुठून आणलं?" नेहमीच्या पट्ट्यांचे रंगीत फोटो दाखवून "यातली कोणती?" विचारा. वर्षभरापूर्वीचं कुणाला आठवत नाही, म्हणून मुदत कमी ठेवा. नाव, रोल नंबर काही घेऊ नका, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रतिसाद २ (फार्मासिस्ट, म्हापसा)
आमच्याकडे मुलं औषधाचं नाव सांगत नाहीत, मोबाइलवर जुन्या पट्टीचा फोटो दाखवतात. तेव्हा फोटोची कल्पना योग्यच. पट्टीवरच्या लाल उभ्या रेघेबद्दलही विचारा. चिठ्ठीशिवाय घेऊ नये असं ती सांगते. केंद्राने २०१६ मध्ये त्याची मोहीम केली होती. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. ती देताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे आम्ही रोज बघतो. म्हणून "चिठ्ठी मागितली का? नाही म्हटल्यावर काय केलंत?" हेही घाला.

प्रतिसाद ३ (डॉक्टर)
"कोर्स पूर्ण करावा: चूक की बरोबर" असा प्रश्न असेल तर काढा. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच यावर वाद झाला, कारण गरजेपेक्षा लांबलेला कोर्सही जंतूंना औषध पचवायला शिकवतो. क्षयरोगात मात्र गोळ्या मध्येच सोडणं घातक. त्यामुळे "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलं, किती दिवस घेतलं, आणि थांबायचं कुणाला विचारून ठरवलं" असं विचारा. अ‍ॅझिथ्रोमायसिन जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 'वॉच' गटात आहे, म्हणजे जपून वापरायचं. घसा धरला की पहिली धाव त्याच्याकडे जातेय, हे तुमच्या अहवालात ठळक यायला हवं. तापाचं म्हणाल तर पावसात ताप आला की जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं, तोवर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये; डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. आजारापासून सुरुवात करायची, आकडा काढायचा, हे नक्की. फोटोंचं पान आजच करायला घेते. लघवीच्या इन्फेक्शनचे प्रश्न सगळ्यांच्या फॉर्ममध्ये ठेवावेत की मुलींसाठी वेगळं पान करून बंद पाकिटात घ्यावं, यावर हॉस्टेलमध्ये काम केलेल्या कुणी सांगू शकेल का? मुलं-मुली शेजारी बसून भरणार असतील तर त्या पानावर कुणी खरं लिहिणार नाही, अशी मला भीती आहे.