स्टँडर्ड लायब्ररीतल्या मदतीला कात्री लावायची म्हणे!

बांधावरचा_मास्तर:
काल एकाने लिहिलं, "पायथॉन भाषेसोबत येणाऱ्या लायब्ररीतल्या डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली फंक्शनची मदत) काढून टाका, सगळं नेटवर आहे, उगाच वजन कशाला?" वाचून डोकं सणकलं. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेतो. नेट असलं तर असलं, परीक्षेत तर आम्हीच काढून ठेवतो. मागच्या सत्रात एक मुलगी रिमूव्हप्रीफिक्सवर, म्हणजे स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) सुरुवातीचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनवर, अर्धा तास अडून बसली. नेटवरून उतरवून आणलेलं उदाहरण बरोबरच होतं. पण लॅबमध्ये पायथॉन ३.६ आणि ते फंक्शन आलं ३.९ मध्ये, २०२० साली. हेल्प लावून स्ट्रिंगची यादी काढली, त्यात ते नावच नाही. दोन मिनिटांत उलगडा झाला. मशिनवर बसवलेल्या आवृत्तीचीच मदत मिळाली म्हणून हे जमलं.

कंटेनरवाला:
ते मीच लिहिलं होतं, पण अर्धंच उचललंत. मी प्रॉडक्शन इमेजबद्दल, म्हणजे सर्व्हरवर प्रत्यक्ष चालणाऱ्या तयार गठ्ठ्याबद्दल, बोलत होतो. तिथे हेल्प कोण वाचतं? ईएसपी३२ सारख्या छोट्या चिपवर बहुधा ४ एमबी फ्लॅश असते. तिथे चालणारं छोटं पायथॉन, म्हणजे मायक्रोपायथॉन, डॉकस्ट्रिंग ठेवतच नाही, कुणाचं अडलं?

बांधावरचा_मास्तर:
मग पायथॉन सुरू करताना दोन ओ चा पर्याय (-OO) लावून चालवा की. डॉकस्ट्रिंग गळतात. सगळ्यांच्या ताटातलं का काढता?

कंटेनरवाला:
सी भाषेत लिहिलेल्या फंक्शनांची मदत त्याने जात नाही. त्यासाठी पायथॉन नव्याने बिल्ड करावं लागतं. माहिती घेऊन बोला.

रात्रपाळी:
वेगळं ठेवल्यावर काय होतं ते मी भोगलंय. एका क्लायंटचा डेबियन लिनक्सचा सर्व्हर, बाहेरचं नेट बंद. रात्री दोनला पर्लडॉक, म्हणजे पर्ल भाषेची मदत दाखवणारी कमांड, मारलं. उत्तर आलं, आधी पर्ल-डॉक पॅकेज बसवा. कुठून बसवू, आभाळातून? सकाळपर्यंत सोर्स चाळत बसलो. त्या रात्रीपासून "वेगळं पॅकेज करा" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

गंजलेला_पाना:
रस्ट भाषेने हे नीट केलंय. साधं इन्स्टॉल केलं की डॉक्स सोबत येतात, मिनिमल प्रोफाइल घेतलं की येत नाहीत. रस्टअप डॉक ही कमांड दिली की नेटशिवाय पान उघडतं. भांडण कशाला?

संगमनेरची_सई:
मदत सोबत आहे की नाही यावर एवढं रण, पण ती वाचतं कोण? माझी अकरावीची पोरं मराठी माध्यमातून आलेली. हेल्पचं इंग्रजी पाहूनच खिडकी बंद करतात. मराठीत द्या, मग वजनाचं बोला.

रात्रपाळी:
नको! मराठी म्हटलं की कुणीतरी स्ट्रिंगला "चिन्हमाला" करणार. त्यापेक्षा पोरांना इंग्रजी शिकवा. नोकरीत तेच लागतं.

संगमनेरची_सई:
तुम्हाला रात्री दोनला मदत मिळाली नाही म्हणून अजून राग आहे ना? माझ्या पोरांची रोजच ती अवस्था आहे.

बांधावरचा_मास्तर:
मूळ मुद्दा सोडू नका हो.

संगमनेरची_सई:
हाच मूळ मुद्दा आहे, मास्तर. सी भाषेचा जुना एडिटर, टर्बो सी आठवा. प्रिंटएफवर कर्सर, कंट्रोल एफ-वन, समोर उदाहरण. इंग्रजी कळलं नाही तरी उदाहरण टाइप करून मी शिकले. पायथॉनच्या हेल्पमध्ये कितीतरी ठिकाणी एकच ओळ, उदाहरण नाहीच. आर भाषेत हेल्पच्या पानाखालची उदाहरणं तिथल्या तिथे चालवता येतात.

कंटेनरवाला:
हे मात्र खरं. वेबवरचं पान वेगळं लिहितात, डॉकस्ट्रिंग वेगळी, आणि दोन्हींत फरक पडत जातो. असली तोकडी मदत कशाला वाहायची, एवढंच मला म्हणायचं होतं. चांगली असेल तर राहू दे. माझ्या इमेजमध्ये नको.

रात्रपाळी:
सईताई, काल जास्त बोललो. चिन्हमालेला अजूनही विरोध आहे, पण मजकुराचे तुकडे करणाऱ्या स्प्लिटची मदत उदाहरणासकट मराठीत लिहून देतो. वर्गात लावून बघा. सेपरेटरला, म्हणजे जिथे तुकडे पडतात त्या चिन्हाला, काय लिहू?

संगमनेरची_सई:
सेपरेटरच लिहा. "विभाजक" लिहिलंत तर पोरं भागाकार करायला बसतील.