अनंताच्या कळ्या का गळतात? तुमचा अनुभव सांगा

पुण्यात गच्चीवर तीन वर्षांपासून डबल अनंत आहे. कळ्या भरपूर लागतात, पिळदार, बोटाच्या पेराएवढ्या होतात आणि उमलायच्या आधीच गळतात. पानंही पिवळी पडली होती, फक्त शिरा हिरव्या. चहाचा चोथा घालून पाहिला, फरक नाही. मग कळलं की बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने माती अल्कधर्मी झाली होती, आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना घेता येतं असं) दिलं, पावसाचं पाणी साठवून घालू लागले. नवी पानं हिरवीगार आली. कळ्यांचं मात्र तुम्हीच सांगा.

*रत्नागिरी*
आमच्या परड्यात विहिरीजवळ सासूबाईंनी लावलेला अनंत आहे, माझ्यापेक्षा उंच. जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी, त्यामुळे शेणखताशिवाय काही घालत नाही. पावसाळ्यात गुटी बांधतो (फांदीची साल सोलून तिथे ओलं शेवाळ किंवा माती बांधून मुळं फुटू देतो), शेजारच्या चार घरी त्याचीच रोपं आहेत. छाटायचा तर बहर संपल्याबरोबर. एकदा उशिरा छाटला आणि पुढच्या बहराला जेमतेम पाच फुलं आली.

*नाशिक*
कळ्या असताना कुंडी हलवू नका, एवढंच कळकळीने सांगते. मी ऊन लागतंय म्हणून कुंडी आत सरकवली आणि आठवड्यात सगळ्या कळ्या खाली. शिवाय एक दिवस कोरडी, एक दिवस चिखल असं झालं तरी गळतात. आता वर पालापाचोळ्याचा थर देते, माती सतत ओलसर राहते. सकाळचं ऊन, दुपारी सावली. गेल्या वर्षी पहिल्यांदा बावीस फुलं मोजली.

*न्यू जर्सी*
इथे बर्फात अनंत बाहेर तग धरत नाही, म्हणून ऑक्टोबर ते मे घरात. हीटरची कोरडी हवा त्याला सोसत नाही. खड्यांच्या ताटलीत पाणी भरून तिच्यावर कुंडी ठेवते, बूड पाण्यात न बुडेल अशी. पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड) झाला की कापसाला स्पिरिट लावून एकेक पान पुसते. वेळखाऊ आहे, पण आई इथे आली होती तेव्हा नेमकं एक फूल उमललं. तिने ते देवाला वाहिलं. दुसऱ्या दिवशी पिवळट झालं तरी घरभर वास होता, आणि आईने ते निर्माल्यात टाकू दिलं नाही.